टेक्सासातील रानडुक्कर आणि शिकाऱ्याची सुरी

शिकारीच्या सुरीची चर्चा बहुधा पात्याच्या लांबीपासून सुरू होते आणि पोलादाच्या नावापाशी संपते. रानडुकराच्या बाबतीत मात्र ती जनावराच्या शरीरापासून सुरू करावी लागते, कारण त्याचे केस, कातडी, चरबी आणि छातीची ठेवण हरणापेक्षा इतकी वेगळी असते की हरणासाठी उत्तम ठरलेली सुरी डुकरापाशी अर्ध्या कामातच बोथट होते. ही निवड असंख्य लोकांना वर्षभर प्रत्यक्ष करावी लागते असा प्रदेश म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा दक्षिण भाग, आणि त्यातही टेक्सास.

डुक्कर हे अमेरिकेचे मूळ जनावर नव्हे. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत कॅरिबियन बेटांवर डुकरे नेली, आणि १५३९ मध्ये हर्नांडो द सोटो हा स्पॅनिश सेनानी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा सैन्याच्या अन्नाची तरतूद म्हणून डुकरांचा कळप त्याच्यासोबत चालत होता. पुढे वसाहतवाल्यांनी डुकरे मोकळी सोडून पाळण्याची रीत ठेवली, त्यांतील कित्येक रानात गेली ती कायमचीच, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी हौशी शिकाऱ्यांनी युरोपातील खरे रानडुक्कर आणून, उदाहरणार्थ १९१२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील हूपर बाल्ड या डोंगरावर, त्या मिश्रणात आणखी भर घातली. आज अमेरिकेत तीसहून अधिक राज्यांत ही डुकरे आहेत आणि एकट्या टेक्सासात त्यांची संख्या वीस लाखांहून अधिक असल्याचा अंदाज आहे. मका, भुईमूग आणि कुरणे एका रात्रीत उकरून टाकणाऱ्या या जनावराला तेथे वन्यजीव म्हणून संरक्षण नाही. त्याच्या शिकारीला ठरावीक हंगाम वा संख्येची मर्यादा नाही, आणि २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने डुक्कर मारण्यासाठी शिकार परवानाही लागत नाही. दक्षिण टेक्सासात आढळणारा हावेलिना हा डुकरासारखा दिसणारा प्राणी मात्र वेगळ्या कुळातला आणि तेथलाच मूळचा असून, त्याच्या शिकारीचे नियम पूर्ण निराळे आहेत. नवख्याने हा फरक आधी शिकून घ्यावा.

शिकारीने डुकरांची संख्या आटोक्यात येते, असा समज टेक्सासात पुष्कळ आहे, पण तो फारसा खरा नाही. मादी जेमतेम ११५ दिवसांत विते, एका वेळी अनेक पिल्ले होतात, आणि माद्या व पिल्लांच्या कळपावर गोळी झाडली की उरलेला कळप पांगून नव्या शेतांत शिरतो. याच कारणाने मिसुरी राज्याने आपल्या राखीव जमिनींवर डुकरांची शिकार बंद करून संपूर्ण कळप पकडणाऱ्या मोठ्या पिंजऱ्यांवर भर दिला. हा मुद्दा सुरीच्या विषयाला थेट लागतो, कारण एकेका जनावराच्या शिकारीचे खरे समर्थन त्याचे मांस वापरले जाण्यात आहे, आणि मांस हाच हेतू असेल तर सुरीची निवड मारण्याच्या क्षणापेक्षा त्यानंतरच्या दोन-तीन तासांच्या कामाकडे पाहून केली पाहिजे.

रानडुक्कर उन्हाळ्यात अंग थंड ठेवण्यासाठी आणि गोचिडांपासून सुटण्यासाठी चिखलात लोळते, आणि तो चिखल त्याच्या राठ केसांत वाळून बसतो. त्यातले वाळूचे कण म्हणजे बहुतांशी गारगोटीचे कण असतात, आणि ते सुरीच्या कडक केलेल्या पोलादापेक्षाही कठीण असतात. केसांवरून फिरलेले पाते म्हणजे खरखरीत दगडावर आडवे ओढलेले पाते होय. केसांखाली जाड कातडी असते आणि ती हरणाच्या कातडीसारखी हाताने ओढून सुटत नाही, तर खालच्या चरबीला घट्ट चिकटलेली असल्याने बोटाबोटाने कापत सोडवावी लागते. शिवाय प्रौढ नराच्या मानेपासून खांद्यावरून बरगड्यांपर्यंत कूर्चेसारख्या चिवट ऊतींचा जाड थर असतो, ज्याला शिकारी ढाल म्हणतात. नरांच्या आपसांतील झुंजीत प्रतिस्पर्ध्याच्या सुळ्यांपासून संरक्षण देणारा हा थर वयाबरोबर वाढत जातो आणि जुन्या नरात दोन सेंटिमीटरहून अधिक जाड होतो. हृदय आणि फुप्फुसे छातीत पुढे आणि खाली, पुढच्या पायांच्या आडोशाला असतात, म्हणून हरणाच्या सवयीने खांद्याच्या मागे नेम धरणाऱ्याची गोळी पुष्कळदा पोटात जाते, आणि पोट फुटलेले जनावर साफ करणे हे मांसाच्या दृष्टीने सर्वांत वाईट काम ठरते.

बंदुकीपूर्वीच्या काळात हे जनावर मारण्यासाठी माणसाने सुरी क्वचितच निवडली, कारण जखमी डुक्कर पळण्याऐवजी अंगावर येते. मध्ययुगीन युरोपात डुकरासाठी जो भाला वापरीत त्याच्या पात्याखाली आडवी दांडी असे, म्हणजे भोसकले गेलेले जनावर दांड्यावरून पुढे सरकत शिकाऱ्यापर्यंत पोचू नये. सोळाव्या शतकात याच कल्पनेवर टोकाजवळ आडवी खीळ असलेल्या तलवारीही घडवल्या गेल्या. हिंदुस्थानात इंग्रज अधिकाऱ्यांनी घोड्यावरून भाल्याने डुक्कर मारण्याचा खेळ वाढवला, आणि त्यातही बंगालकडे वरून खाली मारायचा आखूड, वजनदार भाला तर मुंबई इलाख्यात, म्हणजे दख्खनच्या मोकळ्या माळावर, खालच्या हाताने धरायचा लांब भाला असे भेद पडले. दोन्ही भाल्यांमागचा विचार एकच होता, तो म्हणजे जनावर आणि माणूस यांच्यात अंतर राखणे. आजच्या महाराष्ट्रात हा सारा विषय इतिहासापुरताच आहे, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानडुकराला संरक्षण दिले असून, पीक उद्ध्वस्त करणाऱ्या डुकरालाही वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय मारणे हा गुन्हा आहे.

टेक्सासात मात्र मारण्याच्या सुरीची परंपरा जिवंत आहे आणि तिला इतिहासाचे वलय आहे. १८२७ मध्ये मिसिसिपी नदीच्या वाळवंटावर झालेल्या मारामारीत जेम्स बोवी याने मोठ्या सुऱ्याच्या बळावर जीव वाचवला, १८३६ मध्ये तो सॅन अँटोनियोच्या अलामो गढीत मारला गेला, आणि त्याच्या नावाचा लांब, टोकाशी पाठ खोलगट कापलेला बोवी सुरा दक्षिणेच्या लोककथेत जाऊन बसला. असा सुरा बाळगण्यावर टेक्सासात दीर्घकाळ बंदी होती आणि ती २०१७ मध्ये प्रौढांसाठी बहुतेक ठिकाणी उठली. कुत्र्यांच्या साहाय्याने शिकार करणारे लोक आजही सुमारे १८ ते २० सेंटिमीटर पात्याचा सुरा वापरतात, कारण काही कुत्रे डुकराला भुंकून रोखतात, काही त्याचे कान धरून जमिनीशी दाबतात, आणि अशा गर्दीत गोळी झाडली तर कुत्रा किंवा सोबती मरण्याचा धोका असतो. या पद्धतीत एक जण मागचे पाय धरून जनावर आडवे करतो आणि दुसरा पुढच्या पायाच्या कोपराच्या मागून, ढालीच्या खालच्या बाजूने पाते आत घालतो.

या एका कामासाठी सुरा निवडताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पाते अरुंद व टोकदार हवे, पाठीचाही टोकाजवळचा थोडा भाग धारदार असला तर बरे, आणि पाते व मूठ यांच्या मधली आडवी पट्टी, म्हणजे परज, मोठी व पक्की हवी. यांतील परज सर्वांत महत्त्वाची आहे, कारण पाते बरगडीवर आपटून अचानक थांबले तर रक्ताने ओली मूठ धरलेला हात पुढे घसरून स्वतःच्याच धारेवर जातो, आणि अशा अपघातात बोटे वाकवणारे स्नायुबंध तुटतात. तरीही हे काम अनुभवी माणसाच्या शेजारी राहून शिकण्याचे आहे, आणि ज्याच्याकडे कुत्रे नाहीत त्याला त्याची मुळीच गरज नाही. जखमी जनावराला वेदनांतून लवकर सोडवायचे असेल तर दुसरी गोळी हाच सुरीपेक्षा खात्रीचा आणि अधिक दयाळू मार्ग आहे. बाजारात डुक्कर मारण्याचे म्हणून विकले जाणारे जाड, दातेरी पाठीचे सुरे बहुतेकांच्या कमरेला शोभेपुरते राहतात, आणि मांस करायला घेतले की ते पाचर ठोकावी तसे अडतात.

मांस करण्यासाठी किमान दोन सुऱ्या लागतात, आणि त्याचे मुख्य कारण लांबी-रुंदी नसून घाण हे आहे. कातडीवर चिखल, विष्ठा, गोचीड आणि असंख्य जिवाणू असतात; ज्या पात्याने कातडी चिरली त्याच पात्याने मांडीचे मांस कापले तर ही सारी घाण मांसाच्या आतपर्यंत नेली जाते. म्हणून कातडी आणि पोट यांसाठी एक सुरी, आणि उघड्या झालेल्या स्वच्छ मांसासाठी दुसरी, असा भेद काटेकोरपणे पाळावा लागतो. मुठींचे रंग वेगळे असले की अंधारात, कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात, चूक होत नाही. टेक्सासात बरीच शिकार रात्री होते, आणि गवतात ठेवलेली काळ्या किंवा हिरव्या मुठीची सुरी सापडत नाही म्हणून भडक नारिंगी किंवा पिवळी मूठ ही खरी सोय ठरते.

पहिल्या सुरीचे पाते ९ ते १० सेंटिमीटरचे, सुमारे ३ मिलिमीटर जाडीचे आणि टोकाकडे चांगली गोलाई असलेले असावे. गोलाईमुळे कातडी सोलताना धारेचा लांब भाग एका वेळी कामी येतो आणि टोक चरबीत रुतत नाही. डुकराची कातडी ओढून निघत नसल्याने ही गोलाई हरणाच्या सुरीपेक्षा येथे अधिक मोलाची आहे. टोक मात्र अगदीच बोथट नको, कारण पहिला छेद त्यानेच द्यायचा असतो. या छेदाची रीत पोलादाच्या कोणत्याही जातीपेक्षा महत्त्वाची आहे: केसांवरून कापत न जाता कातडीला एक लहान भोक पाडावे, पाते उलटे, म्हणजे धार बाहेरच्या बाजूला करून, कातडीखाली सरकवावे आणि आतून बाहेर चिरत जावे. असे केल्याने धार मऊ आतल्या बाजूने जाते, केस कापले न जाता बाजूला होतात, कापलेले केस मांसावर पडत नाहीत, आणि एरवी पाच मिनिटांत जाणारी धार पुष्कळ वेळ टिकते.

दुसरी सुरी खाटकाच्या दुकानातली असावी. हाडावरून मांस सोडवण्याची १५ सेंटिमीटर लांबीची, अरुंद, किंचित लवणारी सुरी जगभरच्या कत्तलखान्यांत रोज आठ-आठ तास वापरली जाते, आणि स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्स किंवा अमेरिकेच्या डेक्स्टर-रसेल या कंपन्यांच्या अशा सुऱ्या शिकारीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या सुऱ्यांच्या मानाने फारच स्वस्त असतात. शिकारीच्या सुरीला मिळणारे वलय या सुरीला नाही, आणि तरीही रानडुकराचे बहुतेक काम हीच करते. डुकराचा पुढचा पाय धडाला कोणत्याही हाडाच्या सांध्याने जोडलेला नसतो. फरा, म्हणजे खांद्याचे चपटे हाड, केवळ स्नायूंनी बरगड्यांवर धरलेला असतो, म्हणून पाय वर उचलून पात्याने हलकेच मागे जात राहिले की तो अख्खा सुटतो. कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसाच्या लांब पट्ट्या काढताना पाते मणक्यांच्या उभ्या काट्यांना चिकटून खाली आणि मग बरगड्यांच्या गोलाईवरून बाहेर न्यावे लागते, आणि येथे पात्याची लवण उपयोगी पडते, कारण ताठ पाते एक तर हाडात शिरते किंवा मांस मागे सोडते. मागची मांडी खुब्याच्या उखळीतून सोडवताना सुरीच्या टोकाने सांध्याची दोरी शोधून कापली की हाड आपोआप निसटते. हे सगळे पोट न फाडताही करता येते आणि उष्ण हवेत पुष्कळ शिकारी तसेच करतात. बरगड्या किंवा कमरेचे हाड तोडायचे असेल तर लहान करवत वापरावी; सुरी हाडावर मारणे म्हणजे तिची धार आपल्या हाताने मोडणे.

आता पोलादाकडे वळता येईल. पोलाद म्हणजे लोखंड आणि कार्बन यांचे मिश्रण. त्याला तापवून एकदम थंड केले, म्हणजे लोहाराच्या भाषेत पाणी दिले, की ते कठीण होते, आणि पुन्हा मंद तापवले की त्याचा ठिसूळपणा कमी होतो. सुमारे एक टक्का कार्बन असलेले १०९५ हे साधे पोलाद सहज धारेला येते, पण रक्तातले मीठ आणि ओल यांनी तासाभरात डागाळू लागते. शेफिल्डच्या हॅरी ब्रियर्ली याने १९१३ मध्ये क्रोमियम मिसळून गंज रोखणारे पोलाद तयार केले आणि सुरीचा धंदा बदलला. त्याच वंशातले ४२०एचसी हे पोलाद आज असंख्य शिकारी सुऱ्यांत आहे, आणि १९६४ पासून प्रसिद्ध असलेली बक कंपनीची ११० क्रमांकाची घडीची सुरीही त्यातच बनते. २००१ मध्ये आलेल्या एस३०व्ही या पोलादात सुमारे दीड टक्का कार्बन, चौदा टक्के क्रोमियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असते. व्हॅनेडियम आणि कार्बन यांचे अतिसूक्ष्म कण गारगोटीपेक्षाही कठीण असल्याने त्याची धार दीर्घकाळ टिकते.

सुरीचा कठीणपणा रॉकवेल अंकाने सांगतात. हिऱ्याचे शंकूच्या आकाराचे टोक ठरावीक वजनाने पोलादावर दाबून ते किती खोल गेले यावरून हा अंक मिळतो. खाटकाच्या सुऱ्या साधारण ५५ ते ५७ अंकांच्या आणि शिकारीच्या महाग सुऱ्या ५८ ते ६१ अंकांच्या असतात. खाटकाची सुरी मऊ असते ती पैसे वाचवण्यासाठी नव्हे. मऊ पोलादाची धार झिजण्याआधी वाकते, आणि वाकलेली धार पोलादी सळईवर चार-सहा वेळा ओढली की पुन्हा सरळ होते. खाटीक दर काही मिनिटांनी हेच करतो. फार कठीण पोलादाची धार वाकत नाही, पण हाडाला लागून तिचे कपचे उडू शकतात, आणि ती गेल्यावर शिकारीच्या जागी परत आणणे अवघड असते, कारण तिला हिऱ्याची पट्टी आणि निवांत वेळ लागतो. हरणासाठी महाग पोलादाची बाजू घेता येईल. रानडुकराच्या चिखलापुढे मात्र कोणतीच धार फार वेळ टिकत नाही, म्हणून धार किती काळ राहते यापेक्षा ती किती लवकर परत येते हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, आणि त्यात साधी, स्वस्त, मऊ सुरी सरस ठरते.

धार लावण्याचे कौशल्य नसेल तर कोणतीही सुरी घेऊन उपयोग नाही. पात्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे वीस अंशांचा कोन या कामाला योग्य असतो. त्याहून बारीक धार तीक्ष्ण असली तरी हाडापाशी टिकत नाही. टेक्सासच्या शेजारच्या आर्कान्सा राज्यात, वॉशिटा डोंगरांत मिळणारा नोव्हाक्युलाइट हा अतिसूक्ष्म कणांचा दगड शतकाहून अधिक काळ उत्तम निसणा म्हणून नावाजलेला आहे. कोन सुटू न देता त्यावर हात बसवणे घरी, कामाच्या आधी शिकावे. शिकारीच्या जागी सळई किंवा चिनी मातीची लहान कांडी पुरते.

मुठीची परीक्षा कोरड्या हाताने करू नये. डुकराची चरबी हाताच्या उष्णतेने वितळते आणि गुळगुळीत लाकूड, शिंग किंवा चकचकीत प्लॅस्टिक यांवरून बोटे सरकतात, म्हणून दुकानात सुरी निवडताना तळहाताला थोडे तेल लावल्यासारखी परिस्थिती मनात धरावी आणि खडबडीत रबरी किंवा कापडाचे थर राळेत दाबून केलेल्या मायकार्टाच्या मुठीला प्राधान्य द्यावे. घडीची सुरी खिशाला सोयीची असली तरी तिच्या बिजागरीत रक्त आणि चरबी जाऊन बसते, आणि ती पूर्ण साफ होत नाही. पाते बदलता येणाऱ्या, शस्त्रक्रियेच्या सुरीसारख्या पातळ सुऱ्या सोलण्यासाठी उत्तम आहेत, पण सांध्यात पिळले की त्यांचे पाते तुटते आणि तुकडा मांसात हरवतो, म्हणून डुकराच्या सांध्यांना त्या लावू नयेत.

या सर्व निवडीमागे घाईचे एक कारण आहे. टेक्सासच्या उन्हाळ्यात मृत जनावराचे मांस झपाट्याने खराब होऊ लागते, आणि चरबीचा जाड थर आतली उष्णता धरून ठेवतो. कातडी उतरवून मांस बर्फाच्या पेटीत ४ अंश सेल्सियसच्या खाली आणणे जितके लवकर होईल तितके चांगले, आणि बोथट सुरीने गेलेला अर्धा तास येथे चवीत दिसतो. मोठ्या नराच्या मांसाला येणारा उग्र वास मात्र सुरीने जात नाही. तो त्याच्या शरीरातील संप्रेरकांचा आणि आतड्यांतून आलेल्या द्रव्यांचा असतो, म्हणून खाण्यासाठी मध्यम वयाची मादी किंवा लहान जनावर निवडावे. मांस ७१ अंशांपर्यंत शिजवावे, कारण त्यात ट्रिकिनेला नावाच्या कृमीच्या अळ्या असू शकतात. शिकाऱ्याने मारलेल्या रानडुकराचे मांस अमेरिकेत विकता येत नाही. विक्रीसाठी जनावर जिवंत पकडून तपासणी असलेल्या कत्तलखान्यात न्यावे लागते.

रानडुकराच्या रक्तातून आणि जननेंद्रियांतून ब्रुसेला सुइस हा जिवाणू माणसाच्या हातावरच्या बारीक चिरेतून शरीरात शिरतो, आणि त्याचा ताप, घाम व सांधेदुखी कधी कधी कित्येक आठवड्यांनी सुरू होते, तेव्हा रुग्णाला डुकराची आठवणही राहिलेली नसते. म्हणून सुरीच्या आधी रबरी हातमोजे आणि सुरी न धरलेल्या हातासाठी धार न लागणारा जाळीचा मोजा विकत घ्यावा, काम संपल्यावर सुऱ्या साबणाच्या गरम पाण्याने धुऊन निर्जंतुक कराव्यात, आणि शिकारीनंतरच्या महिन्यांत न समजणारा ताप आला तर आपण रानडुक्कर कापले होते हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता त्यांना स्वतःहून सांगावे.